सिंथ किट जोडलं, एलईडी लागला, पण आवाज नाही? आधी आयसी बदलू नका

सिंथ किट (सुटे पार्ट आणून घरी सोल्डर करायचा सिंथेसायझर) जोडणाऱ्यांचा हा प्रश्न फिरून फिरून येतो. शब्द वेगळे असतात, दुखणं तेच. सगळं सोल्डर केलं, पॉवर दिली, एलईडी लागला आणि आवाज मात्र नाही, किंवा काल रात्री झकास वाजत होतं आणि आज सकाळी एकदम चिडीचूप. आणि बहुतेक जण निदानही स्वतःच करून आलेले असतात की आयसी (बोर्डावरची चिप) डुप्लिकेट निघाला, दुसरा मागवतो. अहो थांबा जरा. आयसी हा शेवटचा संशयित. आधी पॉवर बघायची, मग सिग्नल कुठपर्यंत पोचतोय ते बघायचं, मग त्या जागेचे पार्ट. ह्या क्रमाने गेलात तर आयसी उपसायची वेळ क्वचितच येते, आणि उपसायला लागलाच तर का उपसतोय हे तरी माहीत असतं.

खाली जे लिहिलंय ते नेहमीच्या अ‍ॅनालॉग किटबद्दल आहे, म्हणजे ऑसिलेटर (सूर काढतो), फिल्टर (आवाजाचा पोत बदलतो), व्हीसीए (आवाज किती पुढे सोडायचा ते ठरवतो), एन्व्हलप (व्हीसीए कधी उघडायचा-मिटायचा ते सांगतो) असलं, प्लस-मायनस १२ व्होल्टवर चालणारं. ५५५ किंवा ४०१०६ आयसीवाल्या छोट्या ९ व्होल्टच्या किटला पण बरंचसं लागू पडेल.

पहिली गोष्ट, खरंच फॉल्ट आहे का तेच बघा. एन्व्हलपला गेट (की दाबल्याचा इशारा) मिळाला नाही तर व्हीसीए उघडणारच नाही, आणि न उघडलेला व्हीसीए आणि मेलेला व्हीसीए कानाला सारखेच. फिल्टरचा कटऑफ पार डावीकडे असेल तरी तेच. म्हणून कटऑफ पूर्ण उजवीकडे, रेझोनन्स शून्य, आणि व्हीसीएला गेन किंवा बायसचा नॉब असेल तर तो उघडा ठेवून बघा. नॉब नसेल तर एन्व्हलपचा सस्टेन फुल करून गेट जॅकला ५ व्होल्ट द्या. कोणाचा जुना कीबोर्ड उसना आणून लावला असेल तर त्याचा गेट कुठल्या जातीचा आहे तेही विचारा. १९७८च्या कॉर्ग एमएस-२० सारख्या मशीनचा ट्रिगर उलटा असतो, की दाबली की लाइन ग्राउंडला शॉर्ट होते. तुमचं किट वाट बघतंय प्लस ५ची, ते बिचारं उघडणार कसं.

आता पॉवर. पॉवर न देता, मल्टिमीटर बीप मोडवर ठेवून, प्लस १२ ते ग्राउंड, मायनस १२ ते ग्राउंड आणि प्लस ते मायनस अशा तीन जोड्या तपासा. सुरुवातीला क्षणभर बीप होऊन थांबली तर घाबरू नका, कपॅसिटर चार्ज होतोय. बीप थांबतच नसेल तर मात्र शॉर्ट आहे, तो सापडेपर्यंत पॉवर द्यायची नाही. मग सॉकेटमधले सगळे आयसी काढून पॉवर द्या आणि रिकाम्या सॉकेटच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. इथे एक सापळा आहे ज्यात नवे लोक हमखास अडकतात. टीएल०७२ला पिन ८ वर प्लस आणि पिन ४ वर मायनस. टीएल०७४ला पिन ४ वर प्लस आणि पिन ११ वर मायनस. आणि एलएम१३७०० ला पिन ११ वर प्लस, पिन ६ वर मायनस. म्हणजे ४ नंबर एकात मायनस तर दुसऱ्यात प्लस, ११ नंबर एकात मायनस तर दुसऱ्यात प्लस. आठवणीवर विसंबू नका, डेटाशीट मोबाइलवर उघडून समोर ठेवा. खाच कुठल्या बाजूला आहे ते बोर्डावरच्या छापलेल्या खाचेशी जुळवा, सॉकेटच्या खाचेशी नको, कारण सॉकेटच उलटं बसलेलं असू शकतं (चालतं तसं, सॉकेटला काही कळत नाही, पण आयसी बोर्डाप्रमाणेच बसवायचा).

युरोरॅकवाल्यांनी (म्हणजे एका चौकटीत सुटी मोड्यूल बसवणाऱ्यांनी) रिबन केबल बघा. लाल पट्टी म्हणजे मायनस १२. लाल बघून सगळ्यांना प्लस वाटतं आणि तिथेच घोळ होतो. १० पिनी कनेक्टरला मधल्या सहा पिना ग्राउंडच्या आणि दोन टोकांना प्लस-मायनस, त्यामुळे केबल उलटी लागली की ग्राउंड जागच्या जागी राहतं आणि दोन्ही रेल (प्लस आणि मायनस पॉवरच्या लाइनी) अदलाबदल होतात. बोर्डावर प्रोटेक्शनचे डायोड असतील तर बहुधा काहीच होत नाही, फक्त किट गप्प बसतं, केबल सरळ करा आणि पुढे चला. डायोड नसतील आणि उलटी पॉवर गेलीच असेल तर हा एक प्रसंग आहे जिथे मी पण म्हणेन की आयसी बदला, आणि रेलवरचे इलेक्ट्रोलायटिक पण बदला.

अ‍ॅडाप्टरवर चालणाऱ्या छोट्या किटचं वेगळंच. घरात जुन्या वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर पडलेला असतो, पिन बसते, झालं. पण तो बहुधा मधे प्लस असतो आणि गिटार पेडलच्या पद्धतीवर बनवलेली किट मधे मायनस मागतात, आणि तीही ९ व्होल्ट. अ‍ॅडाप्टरवर गोलाचं चित्र छापलेलं असतं ते वाचा. जुना ट्रान्सफॉर्मरवाला जड अ‍ॅडाप्टर असेल तर त्यावर ९ लिहिलेलं असलं तरी लोड नसताना तो १२-१३ पण दाखवतो, म्हणून मीटर लावल्याशिवाय काही जोडू नका.

एक छोटी युक्ती, फार उपयोगाची. बऱ्याच बोर्डांवर रेल आत येते तिथे १० ओमचा एकेक रेझिस्टर असतो. पॉवर चालू ठेवून त्या रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्ट आले तर २० मिलिअँप चाललेत, छान, एवढं एखाद्या मोड्यूलला साहजिक आहे. ३ व्होल्ट आले तर ३०० मिलिअँप, लगेच बंद करा, कुठेतरी काहीतरी भाजतंय, आणि तो पाव वॅटचा रेझिस्टर पण जवळपास एक वॅट खातोय म्हणजे तोच आधी काळा पडणार. आणि शून्य आलं तर करंटच जात नाहीये, म्हणजे आयसी बसवलेलेच नाहीत किंवा पुढे कुठे ट्रॅक तुटलाय. तारा न तोडता करंट कळतो, अजून काय पाहिजे.

पॉवर ठीक असेल तर आता सिग्नलच्या मागे लागायचं. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, असला तर उत्तमच, पण एक ऑडिओ प्रोब घरी बनतो. १०० नॅनोफॅराडचा साधा कपॅसिटर (ज्यावर १०४ लिहिलेलं असतं तो), त्याच्याशी सिरीजमध्ये १०० केचा रेझिस्टर, त्याचं दुसरं टोक ऑडिओ केबलच्या आतल्या तारेला, आणि केबलची जाळी मगरचिमट्याने किटच्या ग्राउंडला. केबलचं दुसरं टोक छोट्या पॉवर्ड स्पीकरमध्ये. हेडफोन नको, कानात १० व्होल्टचा चौकोनी वेव्ह गेला तर काय होईल सांगायला नको. व्हॉल्यूम कमी ठेवून कपॅसिटरचं मोकळं टोक एकेका जागी टेकवत जा: ऑसिलेटरचं आउटपुट, मिक्सर, फिल्टरचं इनपुट, आउटपुट, व्हीसीए, शेवटचा जॅक. जिथे शेवटचा आवाज आला आणि जिथे गेला, फॉल्ट त्या दोनांच्या मधे. मी तर सरळ फिल्टरच्या इनपुटवर टेकवून सुरू करतो, तिथे आवाज असेल तर अलीकडचं अर्धं किट सुटलं, नसेल तर पलीकडचं सोडून द्यायचं.

पण ह्यात दोन गोष्टी माहीत नसल्या की माणूस नसलेला फॉल्ट शोधत बसतो. ऑपअँप (टीएल०७२, टीएल०७४ सारखा सिग्नल वाढवणारा आयसी) उलट्या जोडणीत असेल, म्हणजे सिग्नल रेझिस्टरमधून पिन २ वर येतोय आणि पिन ३ ग्राउंडला आहे, तर पिन २ वर तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. येऊच नये. फीडबॅकमुळे ती पिन ग्राउंडच्या पातळीला धरून ठेवलेली असते. आवाज रेझिस्टरच्या अलीकडे असेल आणि पिन १ वर असेल, बस. दुसरं म्हणजे एलएम१३७००च्या इनपुट पिनांवर सिग्नल मुद्दाम काही मिलिव्होल्टवर आणून सोडलेला असतो, तिथे बारीक किणकिण आली तरी ती पुरे.

ऑपअँपची तब्येत मीटरने पण कळते. फीडबॅक लावलेल्या ऑपअँपच्या दोन्ही इनपुट पिना जवळपास सारख्याच व्होल्टेजवर असायला हव्यात. आउटपुट जाऊन साडेदहा व्होल्टला चिकटलंय, प्लस किंवा मायनस, तर दहात नऊ वेळा फीडबॅकचा रेझिस्टर तरी चुकलाय नाहीतर त्याचा एक पाय सोल्डरच झालेला नाही. फक्त तो ऑपअँप कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा) म्हणून वापरलेला नाही ना ते सर्किटमध्ये बघून घ्या, एलएफओमध्ये (फार सावकाश चालणारा ऑसिलेटर) वगैरे तसा असतो, तिथे आउटपुट या टोकाला किंवा त्या टोकाला असणं हेच त्याचं काम.

आता पार्ट. इथेच सगळ्यात जास्त घोटाळे निघतात. हल्लीच्या किटमध्ये निळे मेटल फिल्म रेझिस्टर असतात, पाच पट्ट्यांचे, आणि टॉलरन्सची पट्टी पण तपकिरी, त्यामुळे सुलट कुठून वाचायचा तेच कळत नाही. १ के म्हणजे तपकिरी-काळा-काळा-तपकिरी-तपकिरी, उलटा वाचला तर होतो ११० ओम. १० के उलटा वाचला तर १२० ओम. १०० के उलटा वाचला तर १३० ओम. आणि वाईट म्हणजे ११०, १२०, १३० ह्या तिन्ही व्हॅल्यू बाजारात खरोखर असतात, त्यामुळे वाचताना शंका पण येत नाही. वर रात्री पिवळ्या बल्बखाली तपकिरी, लाल आणि नारिंगी एकच दिसतात. उपाय एकच, प्रत्येक रेझिस्टर बसवण्याआधी मीटरवर मोजा, कंटाळा आला तरी मोजा. बसवल्यानंतर बोर्डावर (पॉवर बंद करून) मोजताय तर रीडिंग छापील व्हॅल्यूपेक्षा कमी येऊ शकतं, कारण बाकीचे पार्ट पॅरलल येतात. पण रीडिंग स्थिर झाल्यावर पण जास्त येत असेल तर तो रेझिस्टर तरी चुकीचा आहे नाहीतर त्याचा जॉइंट उघडा आहे. हा एक नियम डोक्यात ठेवला तर अर्धा बोर्ड काहीही न उपसता तपासून होतो.

ट्रान्झिस्टरचा प्रकार आपल्याकडे जास्त होतो, त्याला कारण आहे. किट बाहेरच्या देशातलं, पार्ट लिस्टमध्ये २एन३९०४, आणि हरवला किंवा जळला की पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेल्यावर सहज हातात पडतो तो बीसी५४७. चालतो की, चांगलाच चालतो, पण पाय उलटे. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर २एन३९०४ डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर, आणि बीसी५४७ कलेक्टर-बेस-एमिटर. म्हणजे बोर्डावरच्या चित्राच्या बरोब्बर उलटा फिरवून बसवायचा. न फिरवता बसवला तर तो पूर्ण मरत नाही, गेन पडतो आणि अर्धवट चालतो, आणि अर्धवट चालणारं किट हे बंद किटपेक्षा जास्त छळतं.

ह्याला एक अपवाद आहे. नॉइजच्या सर्किटमध्ये एक ट्रान्झिस्टर मुद्दामच उलटा लावलेला असतो, कलेक्टर हवेत मोकळा. तो बघून कोणीतरी "दुरुस्त" करतं आणि मग नॉइज बंद. उलट्या दिशेने एमिटर-बेस जंक्शन साधारण ७-८ व्होल्टला ब्रेकडाउन होतं, त्याचाच खरखराट आपण वापरतो. म्हणूनच ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आधी नॉइज गायब होतो आणि बाकी सिंथ आरामात चालू राहतो. बॅटरी बदला, पार्ट नको.

कपॅसिटरमध्ये १०४ आणि १०३ची अदलाबदल झाली की ऑसिलेटर दहापट वर किंवा खाली वाजतो, कधी कधी एवढा खाली की टिकटिक ऐकू येते आणि माणूस म्हणतो ऑसिलेटर मेला. पॉटचं (नॉबखालचा फिरणारा रेझिस्टर), पॅकेटवर बी१०० के म्हणजे लिनियर आणि ए१०० के म्हणजे लॉग, व्हॉल्यूमला बी लागला तर सगळा आवाज सुरुवातीच्या थोड्याशा फिरवण्यात येतो. तो फॉल्ट नाही, नुसती गैरसोय. पण पॉटची धातूची पाठ खालच्या रेझिस्टरच्या कापलेल्या पायांना टेकली तर तो मात्र खराखुरा शॉर्ट, आणि पॅनलचे नट आवळल्यावरच होतो! पॅनल काढलं की चालतं, लावलं की बंद, असं असेल तर दुसरीकडे बघूच नका, पॉटखाली जाड टेपचा तुकडा चिकटवा.

चालू-बंद होणाऱ्या किटचं मूळ बहुतेक ड्राय सोल्डर. भिंगातून बघितलं की पॅड आणि पायाच्या भोवती बारीक गोल चीर दिसते, किंवा सोल्डरचा मणी पायावर छान चढलेला असतो आणि पॅडला धरलेलाच नसतो. पॉवर चालू ठेवून, आवाज येत असताना, विझलेल्या अगरबत्तीच्या मागच्या काडीने एकेक पार्ट हलकेच ढोसत जा, कुठे ढोसल्यावर कडकड होतेय ते लगेच कळतं. पेन्सिल नको, शिशातून करंट जातो. आयसीची एखादी पिन सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडली गेलीय का ते बाजूने टॉर्च मारून बघा, वरून कधीच दिसत नाही. जॅकचे पाय मात्र विनाविचार परत गरम करून घ्या, रोज केबल ओढली जाते तिथे. पण "सगळे जॉइंट परत गरम करा" हा जो सरसकट सल्ला मिळतो तो मला अजिबात पटत नाही, कारण नवशिक्याच्या हातात बिट फार तापलेली असते, पॅड उचकटतं, आणि एका फॉल्टचे चार होतात. आणि सोल्डर करताना वरचा पंखा बंद ठेवा, जॉइंट गरम व्हायच्या आतच गार होतो.

पावसाळ्यातली एक तक्रार तर ठरलेली. उन्हाळ्यात जोडलेलं किट, मस्त चालणारं, जून-जुलैत सूर सरकवायला लागतं, सँपल अँड होल्डचं (एक व्होल्टेज पकडून धरून ठेवणारं सर्किट) व्होल्टेज टिकत नाही. डबीतली पिवळी सोल्डर पेस्ट वापरली असेल तर तिचा थर बोर्डावर राहतो, हवेतली ओल ओढून घेतो आणि त्यातून अगदी बारीक करंट गळतो. साध्या सर्किटला काही फरक पडत नाही, पण जिथे पिकोअँपचा हिशोब आहे तिथे पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, पॉट आणि प्रीसेटमध्ये (बोर्डावरचे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे पॉट) जाऊ न देता घासा, पूर्ण वाळू द्या, मगच पॉवर. आणि पुढच्या वेळी ती पेस्ट लांब ठेवा, चांगल्या सोल्डर वायरच्या आत रोझिन असतंच.

सुराबद्दल. "वरच्या सप्तकात बेसूर होतं" ह्यात आधी कीबोर्ड किंवा मिडी कन्व्हर्टर (मिडी कीबोर्डचे सिग्नल व्होल्टेजमध्ये बदलणारा) तपासा, एका सप्तकाला बरोबर १ व्होल्ट वाढतोय का. १.००च्या जागी ०.९७ येत असेल तर ऑसिलेटर बिचारा निर्दोष आहे. मग किट २० मिनिटं चालू ठेवून गरम होऊ द्या, पंखा बंद करा (परत पंखा, हो), आणि ट्यूनर लावून ११० हर्ट्झचा ए जुळवा. एक सप्तक वरचा ए दाबा, २२० यायला हवा. २१५ आला तर स्केलचा प्रीसेट थोडा फिरवा, त्याने खालचा पण हलणार, तो ट्यूनच्या नॉबने परत ११०वर आणा, परत वर जा. असं वरखाली करत दोन्ही जागेवर बसेपर्यंत. मग ४४० आणि ८८० बघा. फक्त अगदी वरचं टोकच उतरत असेल तर स्केल छेडू नका, बोर्डावर हाय फ्रिक्वेन्सीचा वेगळा प्रीसेट असेल तर तो फिरवा.

सगळं करूनही दुपारी जुळवलेलं संध्याकाळी सुटत असेल तर टेम्पको रेझिस्टर (तापमानाबरोबर व्हॅल्यू बदलून सूर सांभाळणारा) बघा. साधारण ३३०० पीपीएमचा (म्हणजे अंशाला ०.३३ टक्के) असतो, सहज मिळत नाही म्हणून लोक तिथे साधा रेझिस्टर टाकतात. मग तापमान एका अंशाने बदललं की जुळवलेल्या सुरापासून तीन सप्तकं वर जवळपास १२ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा, सेमीटोनचा शंभरावा भाग) फरक पडतो. तानपुऱ्यासोबत बसणाऱ्याला तो लगेच टोचेल. टेम्पको एक्स्पोनेन्शिअलच्या (व्होल्टेजचं सुरात रूपांतर करणाऱ्या भागाच्या) ट्रान्झिस्टर जोडीला चिकटून बसलेला पाहिजे, हवेत लोंबकळणारा टेम्पको असून नसल्यासारखा.

आवाज येतोय पण मागे घूंऽऽ चालूच आहे, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेली ना? मग किटला हात लावू नका.

बरं, आयसी खरंच कधी मरतो? उलटी पॉवर सांगितलीच. दुसरं, एलएम१३७००ची पिन १ किंवा १६, म्हणजे कंट्रोल करंटवाली, मीटरचं टोक घसरून ग्राउंडला लागली की आयसी जागच्या जागी जाऊ शकतो, तिथून २ मिलिअँपपेक्षा जास्त सोसत नाही, म्हणून चालू बोर्डावर तिथे मोजताना हात टेकवून मोजा. आणि सीए३०८० हा आयसी मागणारं जुनं सर्किट करताय तर तो २००५च्या सुमारासच बंद झालाय, "नवीन माल" म्हणून कोणी देत असेल तर तिथे डुप्लिकेटचा संशय जरूर घ्या.

एवढं करून नाहीच सापडलं तर विचारा, पण विचारताना "चालत नाही" एवढंच लिहू नका. दोन्ही रेलचं मोजलेलं व्होल्टेज, प्रोबवर आवाज कुठपर्यंत आला ते, आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो. फोटो दिवसा खिडकीशी काढा, रेझिस्टरच्या पट्ट्यांचे रंग ओळखू येतील असे, आणि फोटोआधी बोर्ड पुसून घ्या, पेस्टच्या थराखाली जॉइंट दिसत नाही.